घाटातली गाझ

चढणीच्या मधोमध किदिरालीची ट्रकगाडी, गाझ, खोकली, आत लोखंडावर लोखंड आपटलं आणि इंजिन जागच्या जागी आवळलं. किदिरालीने हँडब्रेक ओढला, खाली उडी मारून चाकामागे दगड सरकवला आणि पुढून हँडल घालून सगळा भार दिला. हँडल तसूभर हललं नाही. आठ सिलिंडरचं, चार टन कोळसा हसत ओढणारं इंजिन मुडद्यासारखं ताठ झालं होतं.

केबिनमध्ये त्याची बायको काल्बुबू आठ वर्षांच्या लेकीला, झिपारला, मांडीवर घेऊन बसली होती. पोर पोट धरून दुमडली होती, अंग चटके बसतील इतकं तापलेलं. उजाडता उजाडता गावच्या कंपाउंडरने तिचं पोट दाबून पाहिलं होतं आणि हात झटकले होते. "आतडं सुजलंय. दुपारच्या आत घाटापलीकडच्या इस्पितळात हिच्या पोटावर सुरी फिरली पाहिजे. मग मला बोल लावायचा नाही." रात्रभर हिम पडलं होतं. साखळ्या बांधलेल्या या गाझखेरीज आज या वाटेला दुसरी गाडी फिरकणार नव्हती.

किदिरालीने बॉनेट उघडलं. करपलेल्या रंगाचा भपकारा आला, पण वाफ नाही. त्याने झाकण फिरवलं आणि आत डोकावला. रेडिएटर ठणठणीत कोरडा होता. थेंब म्हणून नव्हता.

त्याचा विश्वासच बसेना. गाडीत पाणीच घालायचे सगळे. न गोठणारं ते निळं औषध राजधानीतल्या साहेबांच्या मोटारींना, घाटातल्या ट्रकांना विहिरीचं पाणी. म्हणून हिवाळ्यात गाडी लावली की खालच्या तिन्ही तोट्या उघडून पाणी सोडून द्यायचं, नाहीतर रात्रीत त्याचा बर्फ होतो आणि ब्लॉक मडक्यासारखा फुटतो. काल तो कोळसा टाकून आला तो इतका दमून, की 'जेवतो आणि सोडतो' म्हणत शेगडीपाशी आडवा झाला तो झालाच. सकाळी बायकोच्या हाकेने जागा झाला तेव्हा लेकीच्या आधी त्याला पाणी आठवलं, आणि काळजात धस्स झालं. धावत जाऊन हँडल मारलं, तर गाझ पहिल्या झटक्यात सुरू झाली. बॉनेटवरच्या गोधडीने तारलं म्हणायचं! त्याचा जीव भांड्यात पडला. झाकण उघडून पाहण्याइतका दम त्याला कुठला? आत पोर किंचाळत होती.

चढणीवर तापमानाची सुई वर येईना. त्याने वाऱ्यावर खापर फोडलं आणि खाली उतरून रेडिएटरवरची गोधडी आणखी घट्ट आवळली. ती सुई पाणी असलं तरच बोलते, कोरड्या इंजिनात ती मुकी. हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला त्याने ते हसत हसत शिकवलंही असतं.

पाणी सोडलं होतं कुणीतरी. आणि जो सोडतो तो झाकण काढून स्टिअरिंगला लटकवतो. सगळ्या ड्रायव्हरांचा हाच रिवाज, म्हणजे सकाळी कुणी कोरडी गाडी हाकू नये. झाकण तर जागेवर होतं. म्हणजे हे भलेपणाने केलेलं नव्हतं.

ओमुरझाक! दुसरा कोण? गेल्या हिवाळ्यात तो दारू पिऊन झोपला आणि त्याच्या गाडीचा ब्लॉक फुटला. गाडी गेली. आता तो तबेल्यात लीद उपसतो, आणि किदिराली दिसला की दात विचकतो. "झोप, झोप भावा! एक दिवस तुझ्याही हातात हेच फावडं येईल." गावभर हसायचे त्याला. झिपार मात्र ते खरं मानून ओमुरझाकची पाठ वळेपर्यंत बापाचा हात सोडायची नाही.

किदिरालीने बॉनेट आदळलं आणि खाली दरीत दिसणाऱ्या गावाकडे तोंड केलं. त्याने दोन्ही हात पुढे धरले. आशीर्वाद देताना तळहात आभाळाकडे असतात. त्याने ते उलटे केले.

काल्बुबूने काचेवर मुठी आपटल्या. "अहो, नका! हात सरळ करा! तो शाप माघारी घेता येत नाही हो!"

"ज्याने माझ्या गाडीचं पाणी सोडलं," किदिराली ओरडला, "त्याचे हात झडोत! त्याला उद्याचा दिवस दिसू नये!" आणि उलटे हात त्याने तोंडावरून खाली ओढले. वाऱ्याने शब्द उचलले आणि दरीत नेले. त्याला क्षणभर बरं वाटलं, अगदी खरं बरं वाटलं.

मग तो केबिनचं दार उघडून आत वाकला. लेकीला पाठीवर बांधून चालत घाट चढायचा, एवढं एकच उरलं होतं. ती पोचेल असं त्याला वाटत नव्हतं. काल्बुबूच्या नजरेला नजर न देता तो म्हणाला, "इंजिन गेलं. रात्री कुणीतरी पाणी सोडलंय."

झिपारने डोळे उघडले. तापाने लाल झालेल्या तोंडावर हसू आलं.

"मी सोडलं, बाबा. तुम्ही गाढ झोपला होतात. झाकणापर्यंत हात पोचेना, पण खाली सरपटत जाऊन तिन्ही तोट्या उघडल्या. एकही विसरले नाही."