दारापासच्या रेघा

सासूबाई बाथरूममध्ये फतकल मारून फरशी घासत होत्या, आणि हातापेक्षा तोंड जोरात चाललं होतं.

"टाइल्स पांढऱ्याशुभ्र आणि मधल्या रेघा काजळ घातल्यासारख्या! डोळे होते ना गं घरात कुणाला?"

सून दारात स्टुलावर बसून कोरा चहा पीत होती. ऑफिसातून आली की पर्स खांद्याला तशीच ठेवून ती आधी इथे येऊन टेकायची.

"होते की, आई. तुमच्याइतके बारीक नव्हते."

"जिभेला धार आली हो तुझ्या. दुसरा ब्रश दे. ह्याचे केस माझ्यासारखेच गळाले."

खायचा सोडा कालवून रेघांवर थापायचा, मुरू द्यायचा, वर व्हिनेगर शिंपडायचं आणि फेस आला की जुन्या टूथब्रशनं घासत सुटायचं. काम सोपं होतं. कंबर मात्र मधूनमधून आपलं वय सांगायची.

सासरे गेल्यावर मुलगा त्यांना इथे घेऊन आला. तो नोकरीपायी बाहेरगावी, रविवारपुरता घरी. सून पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "आई, आता इथेच राहा." झालं, सासूबाईंना मिरची झोंबली. "मी काय रस्त्यावर पडलेय? फुकट बसून खाणारी नाही मी. घराची काय दशा केलीयस! फरशी तेवढी लख्ख करते आणि निघते."

शब्द सुटला तो सुटला. आता तिकडच्या घराचं कुलूप आठवलं की जाणं नकोसं व्हायचं. तिथे टोमणा मारला तरी भिंतीच ऐकणार. पण एकदा बोललेलं गिळायचं कसं, ते त्या कधी शिकल्याच नव्हत्या.

स्वयंपाकघर झालं, बाल्कनी झाली. बाथरूम मात्र संपता संपेना. आतला कोपरा उजळला की दारापासचा पुन्हा मळलेला.

"कालच घासलं होतं इथं! पाय धुऊन येत नाहीस का?"

"धुते की."

"आणि चहा अर्धा टाकलास पुन्हा. आधी चांगला दुधाचा प्यायचीस. हे काय नवीन खूळ? बारीक व्हायचंय?"

"तुमच्या बोलण्यानंच पोट भरतं, आई."

सासूबाईंना हसू आलं. त्यांनी ते फरशीकडे बघून आवरलं.

शनिवारी संध्याकाळी शेवटची रेघ निघाली. बादलीभर पाणी ओतलं, तर ते जसं गेलं तसंच स्वच्छ जाळीतून उतरलं.

"झालं बाई. उद्या तो आला की म्हणावं, सोडून ये मला."

सून उठली. तिच्या कपात चहा तसाच होता. "घाई काय आहे?"

"घाई कसली? काम संपलं."

सासूबाईंनी बॅग काढली. कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. एवढ्याशा बॅगेला अख्खी संध्याकाळ लागली.

सकाळी त्या तोंड धुवायला गेल्या. दारापासच्या रेघा पुन्हा तांबूस झाल्या होत्या. तोंडापर्यंत आलेली शिवी तिथेच थांबली. त्या गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या. रेघेवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग दारातल्या स्टुलाकडे बघितलं.

"आई, बॅग कुठाय? गाडीत ठेवतो," बाहेरून मुलगा म्हणाला.

"राहू दे. दिसत नाही का, रेघा पुन्हा मळल्यात? अर्धवट काम टाकून जायची मला सवय नाही."

सून मुलाच्या मागे उभी होती, नजर फरशीत रुतवून. सासूबाईंनी ब्रश उचलला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "आणि तू गं, आजपासून चहा जरा कडक उकळत जा. असल्या फिक्या डागाला मला आठवडासुद्धा लागायचा नाही."