ब्रूनोची बोली

पिल्लू वॉशिंग मशीनच्या मागे जे घुसलं, ते दीड दिवस झाला तरी बाहेर यायचं नाव घेईना.

"कम, ब्रूनो, कम!" अमित फरशीवर पालथा पडून मोबाइलचा टॉर्च मारत होता. अंबडच्या कंपनीत त्याच्या एका हाकेसरशी चाळीस माणसं कामाला लागत, पण हे मूठभर जनावर त्याला दाद देत नव्हतं.

"काय ते कम-कम! कुत्रं आहे ते, इंग्रजी शाळेत घातलेलं नाही," त्याची आई वत्सलाबाई म्हणाल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून त्याही वाकल्या आणि 'यू यू यू' करून पाहिलं. सासरच्या मोठ्या माणसाचा मान सुनेच्या माहेरचं पिल्लू राखेल, अशी त्यांची समजूत असावी. मशीनमागचे दोन डोळे आणखी आत सरकले.

भाऊबीज करून अमितची बायको संध्या परवा रात्री नामपूरच्या माहेराहून परतली, तेव्हा पिल्लू तिच्या लेकीच्या मांडीवर होतं. सात वर्षांच्या निकितानं आजोबांच्या मागे लागून ते मिळवलं होतं. गाडीत मजेत झोपलं, जिनाही चढलं. इथं फ्लॅटमध्ये पाऊल ठेवलं मात्र आणि खाली कुणीतरी उरलेली फटाक्यांची माळ लावली. तेव्हापासून पाण्याचा थेंब नाही की अन्नाचा कण नाही. विकतचे दाणे वाटीत तसेच पडलेले. डॉक्टर सुट्टीवर, फोनवर म्हणाले, एवढ्याशा पिल्लाच्या पोटात आजच्या आज काहीतरी जायला हवं, नाहीतर हाताला लागणार नाही.

"मयूर चारला निघतोय," अमित कपडे झटकत उठला. मयूर म्हणजे संध्याचा भाऊ. कामासाठी पिकअप घेऊन नाशिकला आला होता. "मशीन सरकवतो, धरतो आणि देतो त्याच्याबरोबर. आपल्या आईपाशी तरी जगेल बिचारं."

निकिता रडून रडून लाल झाली होती. "पप्पा, मम्मीनं एकदापण हाक नाही मारली त्याला. तिला मारू दे ना."

पोर खरं बोलत होती. संध्या मघापासून दारातच उभी होती. त्याला कळेल अशी हाक तिच्याजवळ होती, पण ती या घरात मारायची तिची छाती नव्हती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिच्या तोंडून माहेरच्या बोलीत 'चहा गोड शे' निघून गेलं आणि घरात जी खसखस पिकली, ती पुढे वर्षभर पिकत राहिली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण तेव्हापासून माहेरचा फोन आला की संध्या बाल्कनीत जायची आणि दार ओढून घ्यायची. वत्सलाबाईंना वाटायचं, चालली असतील आपलीच गाऱ्हाणी.

साडेतीन वाजले. अमितनं मशीनला हात घातला.

"थांबा जरा," संध्या म्हणाली. तिनं सकाळची भाकरी कुस्करली, कोमट दुधात पाणी घालून कालवली आणि ताटली घेऊन सरळ फरशीवर आडवी झाली. गाल फरशीला टेकला.

"ये रे मना राजा," ती हळूच म्हणाली. "आठे ये. घाबरू नको. मी शे ना."

अमित हसणार होता. हसला नाही. बायकोचा हा आवाज त्यानं नऊ वर्षांत ऐकला नव्हता. तिचा नेहमीचा आवाज सांभाळून पाय टाकणारा. हा अनवाणी होता.

"तुले कोनी मारत नही. ये भाऊ, जेवी ले."

मशीनमागे नखं खरवडली. आधी नाक दिसलं, त्याला धुळीचा पुंजका चिकटलेला. मग पोट घासत सगळं पिल्लू आलं, दोन्ही पाय ताटलीत रोवून मचामचा खायला लागलं. निकितानं ओरडू नये म्हणून स्वतःचंच तोंड दाबून धरलं. अमित बाहेर जाऊन फोनवर मयूरला म्हणाला, "तू नीघ. तो राहतोय."

संध्या तशीच पडून राहिली. एवढ्याशा त्या जिवाचे पाय धरावेत, असं तिला वाटत होतं. पोरीचं पिल्लू वाचलं हे तर होतंच. पण आपण आपल्याच घरात मोठ्यानं बोललो आणि कुणी हसलं नाही, याचंच तिला रडू येत होतं.

वत्सलाबाई भिंतीला धरून कशाबशा खाली बसल्या.

"बाल्कनीत जाऊन हे असं बोलतेस होय तू?"

"अहो आई, ते गावाकडचं तोंडात बसलंय. परत नाही..."

"परत नाही काय? इतकं गोड बोलतेस, आणि ते दार लावून!" मग त्याच पुढे म्हणाल्या, "दार आम्हीच लावायला लावलं म्हणा. चुकलंच आमचं."

पिल्लानं ताटली चाटून लख्ख केली आणि वत्सलाबाईंच्या लुगड्याचा काठ चावायला घेतला. त्यांनी चावू दिला.

"तुमच्यात गं, आईला काय म्हणतात?"

"माय."

"मग मी काय सोसायटीची चेअरमन आहे, नऊ वर्षं 'अहो आई, अहो आई' करायला?"