एका तासाचा सॉस

टोमॅटोंना खालच्या बाजूने फुलीसारखी चीर द्यायची होती. हेमलताबाईंनी सुरी डाव्या हातात घेतली, क्षणभर थांबल्या आणि मग ती उजव्या हातात घेतली.

ओट्यापासून चार पावलांवर मृणाल स्टुलावर बसली होती. मांडीवर फाईल, फाईलवर मोबाइलचं स्टॉपवॉच. ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. नोव्हेंबरात हेमलताबाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, तेव्हापासून ती आठवड्यातून तीनदा दिल्लीत मयूर विहारच्या या फ्लॅटवर यायची. सुरुवातीला ती त्यांना फक्त कपड्यांचे चिमटे दाबायला लावायची. आज शेवटची परीक्षा होती. एका तासात, कुणाच्या मदतीशिवाय, एक पूर्ण पदार्थ.

"आमटी करते की," हेमलताबाई आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या.

"नको काकू. आमटी तुमचे हात झोपेतसुद्धा करतील. कधीच न केलेलं काहीतरी हवं, कागदावर वाचून."

म्हणून स्पॅगेटीचा सॉस. कृती नातीने, सृष्टीने, लिहून दिली होती. दिल्लीत वाढलेल्या मुलीचं मराठी ते: 'लसूण बारीक काटा. टमाटर उकाळा.' प्रमाण चौघांचं होतं. हेमलताबाईंनी पेनाने प्रत्येक आकडा निम्मा केला होता.

दारात त्यांचा मुलगा जयदीप उभा होता. ऑफिसमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन तो नोएडाहून आला होता. आठ महिने त्याचं एकच म्हणणं होतं, हे घर बंद कर आणि आमच्याकडे चल.

उकळत्या पाण्यातून टोमॅटो काढून त्यांनी गार पाण्यात टाकले. सालं सुटायला लागली. एक टोमॅटो बोटांतून निसटला आणि फरशीवर फुटला. जयदीप पुढे झाला.

"तुम्ही बाहेर थांबा, प्लीज," मृणाल त्याच्याकडे न बघता म्हणाली.

हेमलताबाईंनी फडकं घेतलं, ओट्याला धरून खाली वाकल्या, फरशी पुसली आणि उठल्या. उठायला वेळ लागला. मग टोपलीतून दुसरा टोमॅटो घेतला.

तेल तापलं. लसूण टाकला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर मृणालचंच नाव होतं. लक्ष विचलित झाल्यावर पेशंट काय करतो, तेही तिला बघायचं होतं. हेमलताबाईंनी आधी गॅस बारीक केला, मग फोन उचलला.

"बोल."

"काही नाही काकू. ठेवते."

पण लसूण तोवर काळा पडला होता. जयदीपने श्वास सोडला. हेमलताबाईंनी कढईकडे बघितलं, तेलासकट सगळं एका वाटीत काढून ठेवलं आणि नव्याने लसूण सोलायला घेतला. बावीस मिनिटं उरली होती. पाकळ्या लहान होत्या, अंगठा नीट दाबला जात नव्हता. त्यांनी घाई केली नाही. बत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर म्हणून काढली होती, परत आलेली फाईल पुन्हा पहिल्या पानापासून करायची त्यांना सवय होती.

या वेळी लसूण सोनेरी झाला. वर कांदा, वर टोमॅटोचा गर. ओरेगॅनोच्या बाटलीचं झाकण उघडेना. त्यांनी बाटली ड्रॉवरमध्ये धरली, कमरेने ड्रॉवर दाबून ती घट्ट केली आणि ओलं फडकं लावून झाकण फिरवलं. मृणालने फाईलमध्ये काहीतरी लिहिलं.

सॉस आटत होता. करायला काहीच उरलं नव्हतं, तेव्हा जयदीप बोलला.

"आई, खरं सांगू? पास झालीस तरी मला हे पटत नाहीये."

"पास झाले तर हे घर बंद करायचं नाही, असा तू शब्द दिलायस."

"दिलाय. पण आमच्याकडे काय कमी आहे?"

"कमी काहीच नाही. मला माझं घर हवंय, होतं तसं."

"इतकं सगळं करायला जमणार आहे का तुला? रोज?"

"तेच तर बघतोय ना आपण," हेमलताबाई म्हणाल्या आणि सॉस ढवळत राहिल्या.

छप्पन्नाव्या मिनिटाला त्यांनी गॅस बंद केला. मृणालने चमचाभर सॉस फुंकर मारून चाखला.

"मीठ कमी आहे, काकू."

"कमीच घातलंय."

"त्याला मार्क नाहीत." मृणाल हसली. तिने शेवटच्या पानावर सही केली आणि फाईल मिटली. "स्वयंपाक, गॅस, वाकणं, उठणं, अडलं तर मार्ग काढणं, सगळं झालं. अटेंडंटची गरज नाही, असं मी रिपोर्टमध्ये लिहिलंय. माझीही नाही."

हेमलताबाईंनी दोन्ही हात ओट्यावर टेकवले. मग त्यांनी उजव्या हाताची मूठ वळली, पूर्ण, आणि मृणालला दाखवली. मृणालचे डोळे भरून आले.

जयदीपने येऊन आईच्या खांद्यावर हात ठेवला. "जिंकलीस बाई तू. चलो, ठीक आहे. राहा इथे एकटी."

"एकटीने राहायला कोण एवढी मेहनत करतं?" हेमलताबाईंनी सॉसवर झाकण ठेवलं. "त्या वृद्धाश्रमात फोन लाव. मी अंथरुणाला खिळले, त्यांचं करायला कुणी नव्हतं, म्हणून आठ महिने तुझे बाबा तिथे आहेत. म्हणावं, त्यांची बॅग भरून ठेवा, आज ते घरी जेवणार आहेत."