नांगराची खूण

सकाळी साडेनऊला जहाजाच्या कर्ण्यातून कप्तानाचा आवाज आला आणि टाइमटेबलांच्या हातातला कागद हातातच राहिला. वारा वाढला होता, किनाऱ्याला जाणाऱ्या होड्या सोडता येणार नव्हत्या. अकरापर्यंत वाट पाहू, नाहीतर पुढच्या बंदराकडे निघू, असं कप्तान अगदी गोड गळ्याने सांगत होता.

सारा जन्म बसडेपोत वेळापत्रकं आखण्यात गेला म्हणून सगळे त्यांना टाइमटेबल म्हणत. रागावली की बायकोसुद्धा. भूमध्य समुद्रातल्या आठ बंदरांची ही सहलही त्यांनी स्वतःच आखली होती. सहलवाल्यांच्या हाती दिलं की घोळ झालाच, असं त्यांचं ठाम मत. कुठल्या बंदरात कुठल्या फाटकाशी गाडी उभी राहणार, कुठे किती वेळ फिरायचं, परतताना अर्धा तास हाताशी कसा ठेवायचा, सगळं चौकटीत बसवलेलं होतं. त्यातली सात बंदरं नुसती तोंडी लावायला होती. खरं बंदर हे एकच.

इथे बायकोची थोरली बहीण राहत होती. मुलाकडे म्हणून आली आणि इथलीच झाली. आता ती चाकांच्या खुर्चीत होती, विमानात बसायला डॉक्टरांनी मनाई केली होती, आणि तिचे किती दिवस उरलेत हे विचारायचं सगळेच टाळत होते. दोघी बहिणींची अकरा वर्षांत भेट नव्हती. कागदावर सव्वादहा ते सव्वादोन या रकान्यात लाल शाईने एकच शब्द लिहिला होता: अक्का.

टाइमटेबल तरातरा खाली चौकशीच्या टेबलाशी गेले. तिथल्या मुलीने जहाजाचं माहितीपत्रक त्यांच्यासमोर धरलं. या गावाचा धक्का लहान आहे, एवढं मोठं जहाज तिथे लागत नाही, असं ती म्हणाली. "म्हणून तर नावापुढे नांगराची खूण आहे, काका. म्हणजे जहाज बाहेर समुद्रात थांबणार आणि होडीने जायचं. हवा बिघडली की नाही जाता येत."

त्या खुणेवरच तर त्यांनी हे जहाज निवडलं होतं. डेपोच्या वेळापत्रकात थांब्यापुढे खूण असली, की तिथे गाडी हमखास थांबायची, एकही उतारू नसला तरी. दुसरं एक जहाज इथून तासाभराच्या मोठ्या बंदरात धक्क्याला लागत होतं. तेच घेऊ, असं बायको दोनदा म्हणाली होती. टाइमटेबलांनी चष्म्यावरून बघत तिला समजावलं होतं, की तिथे जहाज नुसतं लागणार, इथे नांगर टाकणार. नांगर टाकला म्हणजे पक्का थांबा. आता जिना चढताना त्यांना स्वतःच्या शहाणपणाची लाज वाटत होती.

बायको निळी शाल पांघरून, पर्स मांडीवर घेऊन खोलीच्या गॅलरीत बसली होती. समोर दीड-दोन किलोमीटरवर गाव दिसत होतं. टाइमटेबलांनी सगळं सांगून टाकलं. चूक माझी, म्हणाले.

"वारा काही तुमच्या डेपोतून सुटलेला नाही," ती म्हणाली. बोलणं समजुतीचं होतं, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

दहा वाजता फोन वाजला. भाच्याने अक्काला खुर्चीसकट धक्क्यावर आणलं होतं. बायकोने फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर धरला.

"जहाज दिसतंय गं," अक्का म्हणाली. "पण तू कुठेशी?"

सातवा मजला, पुढून एकोणिसावी गॅलरी, असं टाइमटेबलांनी मोजून सांगितलं. बायकोने खांद्यावरची शाल काढली आणि हलवायला लागली. एवढ्या लांबून शेकडो गॅलऱ्यांत एक शाल कुणाला दिसणार? तरी ते फोनकडे कान लावून उभे राहिले.

"दिसलीस," अक्का म्हणाली. "अगं, वाळलीस किती."

मग दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. गुडघे, सुना, लहानपणी चिंचेवरून झालेली मारामारी. बायकोचा हात भरून येई, ती शाल दुसऱ्या हातात घेई. टाइमटेबल मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. वारा कमी व्हावा म्हणून काही करता येतं का, याचा विचार करत राहिले. काही करता येत नव्हतं. अकराला खालून नांगर वर ओढणाऱ्या साखळीचा खडखडाट ऐकू आला.

जहाज सावकाश वळलं. आधी धक्का गेला, मग गाव, मग टेकडी. गॅलरीसमोर उघडा समुद्र आला. बायकोचा हात थांबला नाही.

"हां, हलव, हलव," फोनमधून अक्का म्हणत होती. "अजून दिसतेयस हं."

"अगं, गाव पलीकडच्या बाजूला गेलं," टाइमटेबल हळूच म्हणाले.

बायकोने फोनवर तळवा ठेवला. "मला दिसतंय ते," ती म्हणाली. मग तिने फोन कानाशी धरला. वाऱ्यात अक्काचं बोलणं आता तिलाच ऐकू येत होतं. बराच वेळ ती नुसती हं हं करत राहिली. मध्येच वळून तिने सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो, उठा. अक्का विचारतेय, तुम्ही का दिसत नाही?"

टाइमटेबल उठले, तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि समोरच्या पाण्याकडे बघत त्यांनी हात वर केला.