पिवळा दिवा

मध्यंतरात नाट्यगृहाच्या मुतारीत दिगंबर केसकरांपुढच्या भांड्यावरचा दिवा पहिल्यांदाच हिरव्याऐवजी पिवळा लागला. लघवीत पेशींनी सोडलेल्या अतिसूक्ष्म पुड्या असतात; त्यांतली प्रथिनं वाचून हा दिवा प्रोस्टेटच्या कर्करोगाची चाहूल देत असे.

मागे उभा असलेला त्यांचा मित्र विनू चपापला. "दिगू, बिघडला असेल रे. सरकारी काम!"

"बिघडायला काय झालं? माझ्या ऊर्मीनं बनवलाय तो!" केसकर मोठ्यानं म्हणाले. रांग वळून बघू लागली. मुलगी लघवीवर संशोधन करते हे सांगायची लाज वाटून इतकी वर्षं ते नुसतं 'रसायनशास्त्र' म्हणत आले होते.

हात धुऊन त्यांनी ऊर्मीला फोन लावला. "अगं, तुझा दिवा आज मला पिवळा लागला."

"बाबा, घाबरू नका. पिवळा म्हणजे अगदी सुरुवात. बरं होतं ते."

"घाबरतोय कोण? तुझ्या आजोबांचं कळलं, तेव्हा दुखणं हाडांपर्यंत गेलं होतं." ते दाराकडे वळले. "घंटा झाली. उरलेलं नाटक बघून येतो. आणि हो, दिवा कुणाचा, ते सगळ्या रांगेला सांगितलंय."