एकाच ओळीत दोनदा

टीमच्या मॅडमनी माझ्या कोडमधल्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "या ओळीत दोन फंक्शनच्या उत्तरांची बेरीज आहे. त्यातलं कुठलं आधी चालेल ते ठरलेलं नाही, पण कुठलंही आधी चाललं तरी बेरीज तीच. राहू दे. या दुसऱ्या ओळीत मात्र तू एकच आकडा दोनदा वाढवलायस. इथे काहीही होऊ शकतं."

"सहा वर्षं बरोबर उत्तर येतंय, मॅडम."

"नशीब तुझं."

तेवढ्यात घरून दादाचा फोन आला. "निघताना बाबांना इन्सुलिन तू दिलंस?"

"दिलं. कुणी द्यायचं ते कुठे ठरलंय? जो आधी उठतो तो देतो."

"मीही दिलं. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं रे," दादा म्हणाला. "बाबा हाकेला ओ देत नाहीयेत."