पुतण्याचा शब्द

खाडीकाठच्या आळीतली गोड्या पाण्याची विहीर बुजवायला धाकूतात्यांनीच सगळ्यांना राजी केलं होतं, पुतण्या सर्वेशच्या शब्दावर. “काका, माझ्या बंगल्याला तिथून रस्ता द्या, घरोघरी नळ देतो.” नळ आलेही. पण यंदाच्या पुरात पाइप फुटले, नळांना खाडीचं पाणी आलं. चौथ्या दिवशी बायका हंडे घेऊन तात्यांच्या दारात आल्या. “तुमचं ऐकून विहीर बुजवली. आता पोरांना काय पाजू?” त्यांतल्या लक्ष्मीने विचारलं. तात्यांनी सर्वेशला फोन लावला. “काका, मी कल्याणला अडकलोय. बंगल्यातही पाणी नाही.” तोच आवाज समोरच्या बंगल्याच्या गच्चीवरूनही ऐकू आला. सर्वेश फोन कानाला लावून टाकीच्या पाइपने गच्ची धूत होता. “पोरा, जरा खाली बघ,” तात्या म्हणाले. त्याने आत जाऊन गच्चीचं दार लावून घेतलं. बायका शीळफाट्याच्या टँकरकडे निघाल्या. तात्यांनीही हंडा उचलला. पण त्यांच्यासोबत चालायची हिंमत झाली नाही.